शनिवारी बॅच लावणाऱ्या मंडळींनो, पुढे काय झालं ते सांगायला परत या

घरी बियर बनवणाऱ्या तमाम दोस्तांनो,

शुक्रवारची संध्याकाळ झाली की आपल्या सगळ्यांच्या अंगात येतं. कुणी म्हणतो उद्या पेल एल लावतोय, सिट्रा आणि मोझॅक हे हॉप्स (बियरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) निम्मं निम्मं, कुणाला आयुष्यातली पहिली लागर (गारव्यात आंबवायची बियर) करायचीये आणि त्यासाठी फ्रिजमधलं सगळं सामान बाहेर काढून घरच्यांची बोलणी खाऊन झालीयेत, कुणी क्वाइक नावाच्या, गरमीत जोरात धावणाऱ्या यीस्टवर ३५ डिग्रीला चार दिवसांत बियर उडवणार असतो, आणि एक जण हमखास असा असतो जो एका दिवसात तीन बॅचेस लावणार म्हणतो आणि तिसरीचं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) सोमवारी तसंच पिशवीत पडलेलं असतं. मला हे सगळं ऐकायला मनापासून आवडतं, उगाच खोटं कशाला बोलू. अर्धा आठवडा मी त्या शुक्रवारच्या गप्पांवरच काढते.

मग शनिवार जातो. रविवारी एखादा उकळत्या भांड्याचा फोटो, फार तर एअरलॉक (आंबताना आतला वायू बाहेर सोडणारी झडप) बुडबुडतानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ. आणि त्यानंतर चिडीचूप.

सहा आठवडे काही नाही. आणि सहा आठवड्यांनी आलंच काही तर ग्लासचा फोटो, मागून खिडकीचा उजेड, वर फेसाची टोपी आणि सोबत एक शब्द, मस्त. बरं, हा फोटो पण ज्याची जमली त्याचाच येतो, ज्याची बिघडली तो गुपचूप सिंकमध्ये ओतून मोकळा होतो आणि पुढच्या शुक्रवारी नवा प्लॅन घेऊन हजर. म्हणजे आपण सगळे मिळून इतक्या बॅचेस लावतो आणि शिकायला मिळतात फक्त त्या ज्यांच्यातून शिकण्यासारखं फारसं काही नसतं.

हे पत्र एवढंच मागायला लिहितेय की प्लॅन सांगितलात ना, मग निकाल सांगायलाही परत या. आणि बिघडली असेल तर आधी या.

आता तुम्ही म्हणाल ही कोण लागून गेली सांगणारी. तर ऐका, मला हे बोलायचा हक्क चांगल्या बियरमुळे मिळालेला नाही.

काही वर्षांपूर्वी मी एका स्टाउटचा, म्हणजे भाजलेल्या माल्टच्या काळ्या बियरचा, प्लॅन मोठ्या थाटात जाहीर केला होता. २० लिटर, ओजी (आंबण्याआधीची घनता, म्हणजे ग्रॅव्हिटी; यीस्ट साखर खाईल तशी ती उतरते) १.०६२ पकडलेली, शेवटी १.०१६ च्या आसपास येईल असा हिशोब, माल्टचं प्रमाण ग्रॅमपर्यंत दिलेलं, आणि शेवटी आगाऊपणे लिहिलेलं की बाराव्या दिवशी बॉटलिंग. लोकांना प्लॅन आवडला, दोनचार जणांनी उतरवून घेतला. प्रत्यक्षात काय झालं तर यीस्टचं पाकीट एकच होतं आणि तेही जुनं, फर्मेंटर, म्हणजे बियर आंबवायचं भांडं, ठेवला घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, आणि त्या आठवड्यात थंडीही वाढली. आठव्या दिवशी एअरलॉक शांत झालं. मी बाराव्या दिवशी ग्रॅव्हिटी मोजायचा हायड्रोमीटर टाकला तर १.०२४. म्हटलं स्टाउट आहे, रोस्टेड माल्ट भरपूर आहे, राहत असेल थोडी जड. एकदाच मोजलं हां, एकदाच, दोन दिवसांनी पुन्हा मोजायला हवं होतं हे मला तेव्हाही माहीत होतं, पण शनिवार होता, बाटल्या धुवून झाल्या होत्या आणि रविवारी मला वेळ नव्हता. लिटरला ६ ग्रॅम साखर घातली, बाटल्या भरल्या, आणि कंडिशनिंगसाठी, म्हणजे बाटलीत वायू भरावा म्हणून, त्या ठेवल्या कुठे तर उबदार कपाटात. म्हणजे गारठून झोपलेल्या यीस्टला मी स्वतःच्या हाताने उठवून जेवायला बसवलं.

ज्यांनी हा हिशोब कधी केला नसेल त्यांच्यासाठी सांगते, कारण हा मला फार उशिरा कळला. बाटलीत ग्रॅव्हिटी एक पॉइंट (०.००१) खाली आली की साधारण अर्धा व्हॉल्यूम, म्हणजे बियरच्या आकारमानाच्या निम्मा, कार्बन डायऑक्साइड तयार होतो. माझ्या बियरमध्ये १.०२४ पासून १.०१६ पर्यंत आठ पॉइंट शिल्लक होते, म्हणजे चार व्हॉल्यूम, वर साखरेचे आणि आधीपासून विरघळलेले मिळून अडीचच्या आसपास. साडेसहा. साध्या बियरच्या बाटलीत आपण अडीचच्या आत राहतो, तीनच्या वर गेलं की मला तर धडकी भरते. तर अशा चाळीसेक बाटल्या माझ्या कपाटात कपड्यांच्या शेजारी उभ्या होत्या.

दुसऱ्या आठवड्यात एक उघडली तर अर्धी बियर छतावर. मी नशीबवान, की आधी उघडली. जाड हातमोजे, डोळ्यांवर गॉगल, अंगात दोन जॅकेट अशा अवतारात सगळ्या बाटल्या एकेक करून फ्रिजमध्ये गार केल्या, मग हळूहळू झाकणं सैल करून सगळी ओतून दिली. आणि कुणाला म्हणून एक शब्द सांगितला नाही. कसं सांगणार, प्लॅन केवढ्या तोऱ्यात सांगितला होता!

त्यानंतर दीड महिन्याने कळलं की प्लॅन उतरवून घेतलेल्यांपैकी एकाने तो जसाच्या तसा केला होता. बाराव्या दिवसासकट. त्याच्या बाटल्या रात्री फुटल्या, कपाटात, दार बंद होतं म्हणून कुणाला लागलं नाही. आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते हे की त्याने मला दोष दिला नाही, त्याला वाटलं त्याच्याच हातून स्वच्छतेत काहीतरी राहिलं, बाटलीत जंतू गेले असतील. "तुमची चांगलीच झाली असणार," असंही म्हणाला. त्यानंतर त्याने बियर लावणंच सोडून दिलं. मी तेव्हाही गप्पच बसले. आज लिहितेय. तू हे कुठे वाचत असशील तर ऐक, स्वच्छता तुझी ठीकच असेल, तो बारावा दिवसच खोटा होता, आणि मला ते तुझ्या आधी महिनाभर माहीत होतं.

तर मुद्दा असा की प्लॅन म्हणजे आपली इच्छा असते, बाकी काही नाही. मॅश, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवणं, ६७ डिग्रीला करणार असं आपण सगळे म्हणतो, पण झाला किती डिग्रीला? ६४-६५ ला राहिला तर बीटा अमायलेज या एन्झाइमचं फावतं, यीस्टला खाता येईल अशी साखर जास्त निघते, बियर कोरडी होते, ६९-७० ला गेला तर न खाल्ली जाणारी डेक्स्ट्रिन्स जास्त आणि बियर तोंडात जाड लागते. म्हणजे फक्त तीन-चार डिग्री इकडेतिकडे आणि रेसिपी तीच असून बियर वेगळी. तुमचा थर्मामीटर बर्फ घातलेल्या पाण्यात शून्य दाखवतो का हे शेवटचं कधी बघितलंत? माझा दोन डिग्री चुकीचा निघाला होता आणि मी वर्षभर माल्टला नावं ठेवत होते. तसंच हायड्रोमीटरचं, तो बहुतेक वेळा २० डिग्रीसाठी बनवलेला असतो, गरम वर्टमध्ये (न आंबलेल्या गोड रसात) टाकलात तर आकडा कमीच दाखवणार आणि मग तुम्ही माल्टमधून साखर कमी निघाली, एफिशियन्सी पडली म्हणून कपाळाला हात लावून बसणार. आणि रिफ्रॅक्टोमीटरवाल्यांनो, म्हणजे प्रकाशाच्या वाकण्यावरून साखर मोजणाऱ्यांनो, फर्मेंटेशन सुरू झाल्यावर अल्कोहोलमुळे त्यावरचा आकडा चढा येतो, सुधारणा न करता तो आम्हाला सांगू नका, आम्ही उगाच तुमची बॅच अडकली म्हणून सल्ले देत बसतो.

फर्मेंटेशनचं तापमान सांगताना तर सगळेच खोलीचं तापमान सांगतात. जोरात चालू असताना आतलं वर्ट बाहेरच्या हवेपेक्षा दोनचार डिग्री सहज वर असतं, म्हणजे तुम्ही २० म्हणता तेव्हा यीस्ट २३-२४ ला काम करत असतं. फर्मेंटरच्या अंगाला थर्मामीटर चिकटवा, वर फोमचा तुकडा बांधा, आणि तो आकडा सांगा. मी तर म्हणते बाकी काही नाही लिहिलंत तरी चालेल पण हा आणि दोन वेगळ्या दिवसांच्या ग्रॅव्हिटी एवढं लिहा. एअरलॉकचे बुडबुडे मोजून काही सांगू नका. झाकण जरा सैल असलं तर बियर जोरात चालू असतानाही तिथे हालचाल नसते, आणि खोली गरम झाली तर संपलेली बियरही बुडबुडते.

आता थोडं विषयांतर करते, पण मला हे फार आवडतं म्हणून. आकडेशास्त्रात जी टी-टेस्ट शिकवतात ना, ती बियरच्या कंपनीतून आलीये. गॉसेट नावाचा माणूस गिनेसमध्ये नोकरीला होता, त्याच्यापुढचा प्रश्न आपल्यासारखाच, की नमुने मोजकेच आहेत तर त्यावरून किती खात्रीने बोलायचं. १९०८ साली त्याने ते "स्टुडंट" या टोपणनावाने छापलं. आणि त्याच्या आधी १८८३ मध्ये कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत हान्सेनने यीस्टची एकच शुद्ध जात वेगळी काढून वाढवून दाखवली, ती कशामुळे, तर त्यांची बियर बिघडत होती आणि त्याने शोधून काढलं की त्यात जंगली यीस्ट शिरलंय. आणि कंपनीच्या मालकाने, याकोबसेनने, ते शुद्ध यीस्ट दडवून ठेवलं नाही, इतर ब्रूअरींनाही दिलं. तेव्हा पुढच्या वेळी लागरच्या यीस्टचं पाकीट फोडताना लक्षात असू द्या, त्यामागे कुणाची तरी बिघडलेली बियर आहे. आपण मात्र २० लिटर बिघडली तर तोंड लपवतो.

बरं, निकाल सांगायचा म्हणजे काय सांगायचं? "मस्त" हा निकाल नाही. "छान पण काहीतरी वेगळंच" हाही नाही. वास कशासारखा येतो ते सांगा, अगदी वेडगळ वाटलं तरी. उकडलेल्या मक्यासारखा येतो म्हणालात तर कुणीतरी लगेच विचारेल की पिल्सनर माल्ट होतं का आणि झाकण लावून उकळलंस का, कारण तो वास डीएमएस या गंधकाच्या संयुगाचा, तो वाफेबरोबर बाहेर जायला हवा. बटर पॉपकॉर्नसारखा येत असेल तर डायअसिटिल, बहुतेक यीस्टवरून बियर लवकर काढलीत किंवा लवकर गार केलीत, लागर असेल तर शेवटी दोनतीन दिवस १६-१८ डिग्रीला आणून ठेवली असती तर यीस्टने ते स्वतःच साफ केलं असतं. हिरव्या सफरचंदासारखा असेल तर बियर अजून कच्ची आहे, थांबा. ओल्या पुठ्ठ्यासारखा असेल तर हवा लागली. या गोष्टी पुस्तकात असतातच, पण पुस्तक तुमच्या ग्लासात नाक घालत नाही.

मागे एकीने तिच्या व्हीट बियरबद्दल सांगितलं की दवाखान्यातल्या बँडेजचा वास येतोय, सांगताना तिला स्वतःलाच हसू येत होतं. तिने तो एक शब्द वापरला आणि काम झालं, कारण तो वास क्लोरोफिनॉलचा, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन. क्लोरीन घालवणारी कॅम्पडेन गोळी, पाव, २० लिटर पाण्यात, चुरून, मॅशच्या आधी, संपला विषय. तिच्या आधीच्या चार बॅचेसना तोच वास होता आणि चारही वेळा तिने सांगितलं होतं, "ठीक झाली." चार बॅचेस म्हणजे ८० लिटर हो!

आणि एकदाच सांगून थांबू नका. हॉपी बियर तिसऱ्या आठवड्यात जशी असते तशी आठव्यात राहत नाही, वास उडतो, हवा लागली असेल तर रंगही मळकट होतो. स्टाउट किंवा बार्लीवाइन या कडक बियरचं उलट, सुरुवातीला भांडखोर असते आणि मग निवळते. दोन महिन्यांनी एक बाटली उघडून दोन ओळी लिहिल्यात तर त्या पहिल्या फोटोपेक्षा जास्त कामाच्या.

आता जरा जुन्या जाणत्यांशी बोलायचंय. तुमच्याशी, म्हणजे आपल्याशी, मीही आता त्यातच मोडते. लोक गप्प का बसतात याचं अर्धं कारण आपण आहोत. कुणी नवखा बिचारा येऊन सांगतो की माझी बियर आंबट झालीये, तर पुढच्या पाच मिनिटांत चार जण तुटून पडतात, सॅनिटायझेशन नीट केलं नसशील. कुणी ग्रॅव्हिटी विचारत नाही, तापमान विचारत नाही, नुसता निकाल देऊन मोकळे. अहो, प्रत्येक वाईट बियर जंतूंनीच बिघडते का? माझ्या स्टाउटमध्ये एकही जंतू नव्हता, फक्त घाई होती. ड्राय हॉप केलेल्या (न उकळता, आंबवताना किंवा नंतर हॉप्स घातलेल्या) बियरच्या बाटल्या जास्त फसफसायला लागल्या की पण हेच, इन्फेक्शन इन्फेक्शन, जेव्हा की हॉप्समध्येच स्वतःची एन्झाइम्स असतात जी उरलेली डेक्स्ट्रिन्स तोडतात आणि यीस्टला पुन्हा खायला घालतात. हे १८९३ साली दोघा इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी लिहून ठेवलंय आणि आपण अजून नवख्याला बाटल्या नीट धू म्हणतोय.

आधी विचारा, मग सांगा. तीन प्रश्न विचारून झाल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही असं मी स्वतःवर बंधन घातलंय, पाळायला फार जड जातं, जीभ शिवशिवते.

आणि दुसरी आपली खोड म्हणजे एका वेळी चार गोष्टी बदलायच्या आणि मग छातीठोक सांगायचं की नव्या यीस्टने फरक पडला. नवीन यीस्ट, नवीन हॉप्स, मॅश दोन डिग्री खाली, पाण्यात जिप्सम, आणि श्रेय यीस्टला! एक बदला. आणि फरक खरंच पडला का ते बघायचं असेल तर तीन ग्लास घ्या, दोनांत एकच बियर आणि तिसऱ्यात दुसरी, मित्राला न सांगता द्या आणि वेगळा कुठला ते ओळखायला सांगा. डोळे मिटून ठोकलं तरी तिनात एकदा बरोबर येणारच, त्यामुळे एकट्या मित्राने ओळखलं म्हणून नाचू नका, सहा-सात जणांना द्या. मी माझ्या दोन पेल एल अशा देऊन बघितल्या, एकीत ६० मिनिटं उकळलेलं आणि एकीत ३०. सहा जणांपैकी दोघांनी ओळखलं, म्हणजे नशिबाने जेवढे ओळखतील तेवढेच. सहा जणांवरून शेवटचा शब्द कोण देणार, पण त्या दिवसापासून मी पेल एलला अर्धा तास वाचवते. पिल्सनरला नाही हां, तिथे मी अजूनही घाबरते आणि ९० मिनिटं उकळते.

एवढं बोलून झाल्यावर माझा स्वतःचा प्लॅन सांगितला नाही तर तुम्ही सोडणार नाही. तर या शनिवारी तीच स्टाउट पुन्हा लावतेय. २० लिटर, पेल माल्ट ५ किलो, ओट्स अर्धा किलो, रोस्टेड बार्ली ४५० ग्रॅम, क्रिस्टल माल्ट ३००, चॉकलेट माल्ट २५०. मॅश ६७ ला तासभर, आणि तासाच्या शेवटी किती होता तेही लिहीन. ओजी १.०६२ यायला हवी, नाही आली तर जी येईल ती. यीस्टची या वेळी दोन पाकिटं, ताजी, तारीख बघून घेतलेली. फर्मेंटर १९ डिग्रीला, कोपऱ्यात नाही. आणि बॉटलिंगचा दिवस मी सांगणार नाही, कारण तो मला माहीत नाही, तीन दिवसांच्या अंतराने दोनदा तीच ग्रॅव्हिटी आली आणि ती अपेक्षेजवळ असली की तो दिवस. दोन बाटल्या प्लास्टिकच्या भरणार आहे, बोटाने दाबून आतला दाब कळतो म्हणून. कपाटातले कपडे तरीही हलवलेत.

बिघडली तर सगळ्यात आधी तुम्हाला कळेल.

तुमचीच,
एक स्टाउटवाली

ता.क. मागच्या महिन्यात सांगितलेल्या पेल एलचं राहूनच गेलं होतं. ओजी १.०५० हवी होती, आली १.०४६, माल्ट जाड दळलं गेलं होतं. ड्राय हॉपच्या आधी १.०११, पाच दिवसांनी १.००९, म्हणजे हॉप्सने काम केलंच, बरं झालं थांबले. अल्कोहोल ४.९ टक्क्यांच्या आसपास. वास चांगला, कडवटपणा शेवटी जिभेवर खरखरीत राहतो, का ते कळलेलं नाही. कुणाला अंदाज असेल तर सांगा, पण आधी तीन प्रश्न विचारा.